विमानातील हवेचा दाब व प्रवाशांची दक्षता

वर्धा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २३० मीटर उंचीवर वसले आहे. निरभ्र आकाशात येथून कधी कधी जेट विमानांच्या शुभ्र रेषा दिसतात. ही विमाने दहा किलोमीटरहून अधिक उंचीवरून जात असतात. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या जेमतेम पाव असतो. प्राणवायूचे प्रमाण तेथेही शेकडा २१ एवढेच असते. परंतु दाब कमी असल्याने तो फुप्फुसांतून रक्तात पुरेसा मिसळत नाही. म्हणून विमानाच्या प्रवासी कक्षात दाबयुक्त हवा सोडून सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका दाब राखला जातो.

हा दाब नाहीसा झाल्यास काय होते? २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात दाब राखणारी कळ सुरू करावयाची राहून गेली. विमान वर चढत असतानाच प्राणवायूचे मुखवटे खाली आले. १६६ प्रवाशांपैकी सुमारे ३० जणांच्या नाकाकानांतून रक्त आले. विमान मुंबईस परतले व सर्वांचे प्राण वाचले. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिऑस कंपनीच्या विमानात मात्र वैमानिकांना धोका वेळीच उमगला नाही. ते बेशुद्ध झाले, इंधन संपेपर्यंत विमान आपोआप उडत राहिले आणि १२१ जण मृत्युमुखी पडले.

पस्तीस हजार फुटांवर दाब एकाएकी गेल्यास माणसाची विचारशक्ती अर्ध्या ते एक मिनिटच शाबूत राहते. वेदना होत नसल्याने धोकाही जाणवत नाही. म्हणूनच आधी स्वतःचा मुखवटा लावावा व मग मुलांना मदत करावी, अशी सूचना दिली जाते. यात स्वार्थ नाही. शुद्ध हरपलेली माता बालकास वाचवू शकत नाही. मुखवटा आपल्याकडे ओढून नाक व तोंड झाकावे. त्याची पिशवी फुगली नाही, तरी प्राणवायू मिळत असतो. हा पुरवठा साधारणतः बारा ते पंधरा मिनिटे पुरतो. तेवढ्या अवधीत वैमानिक विमान दहा हजार फुटांपर्यंत खाली आणतात. तेथे मुखवट्याविना श्वास घेता येतो.

नागपूरच्या विमानतळामुळे विमानप्रवास आता वर्धा जिल्ह्यातील गावांनाही अपरिचित राहिलेला नाही. गावातून कोणी प्रथमच विमानाने निघत असेल, तर शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी त्यास एवढे अवश्य सांगावे : उड्डाणापूर्वीची सूचना कंटाळवाणी वाटली, तरी ती लक्षपूर्वक ऐकावी.