ईमेलचे दप्तर

ग्रामपंचायतीची आवक-जावक बारनिशी आपण पाहिलेलीच आहे. कोणता कागद केव्हा आला आणि केव्हा गेला, याची तीत नोंद असते. सरकारी कचेरीत पुढे त्या कागदांचे वर्ग पाडतात. 'अ' वर्गाचे कागद कायम जपायचे, 'ब' वर्गाचे ३० वर्षे, आणि 'ड' वर्गाचे थोड्याच काळात नष्ट करायचे. जपणे आणि वेळेवर नष्ट करणे, दोन्ही दप्तराचीच कामे.

आता जामखेडच्या शाळेचे पत्र नगरला ईमेलने जाते. मग त्याचे दप्तर कोणते? २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा सांगतो की, असे पत्र मूळ रूपात, पुन्हा उघडता येईल असे ठेवावे. कोणी, कोणाला, कधी पाठवले, हेही त्यात दिसावे. नुसती कागदावर छापलेली प्रत पुरत नाही, ती यासाठीच.

जालन्याचे उदाहरण घ्या. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीननंतर घेतला, असा वाद निघाला. कचेरीतल्या कॅमेऱ्याचे चित्रण होते; पण त्याबाबतचा कायदेशीर दाखला वारंवार मागूनही अधिकाऱ्यांकडून मिळेना. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूळ यंत्र न्यायालयात आणता येत नसेल, तर दाखला हवाच. सगळे प्रयत्न करूनही तो मिळाला नाही, तरच सूट. ईमेललाही हाच नियम. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही अट कायम आहे.

म्हणून सगळेच साठवून ठेवायचे काय? नाही. शिक्षकाच्या रजेच्या ईमेलमध्ये त्याचे आजारपण असते, पगाराच्या ईमेलमध्ये बँकेचे खाते. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले. काम संपले आणि ठेवण्याचे कायद्याचे बंधन नसले, की खाजगी माहिती पुसावी, हे २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्याचे तत्त्व आहे.

तेव्हा गुरुजी, एवढे करा. शाळेचे काम शाळेच्याच खात्यावरून करा. मुख्याध्यापकांच्या खाजगी खात्यावरचे पत्र त्यांच्या बदलीबरोबर निघून जाते. कोणता ईमेल किती वर्षे ठेवायचा आणि तो कोणी उघडायचा, हे लिहून ठेवा. पुसला तर नोंद करा. तंटा चालू असेल, तर एकही पुसू नका. वीस वर्षांनी एखाद्या शिक्षकाचे निवृत्तिवेतन अडले, तर ते सोडवायला त्या दिवशीचा एक ईमेल पुरेसा होईल; मात्र तो सापडला पाहिजे.