नावांची वही आणि संस्थेची जबाबदारी

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, टेंभली नावाचे एक लहानसे गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० या दिवशी या गावात पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आले, श्रीमती सोनिया गांधी आल्या, आणि गावातल्या एका भगिनीच्या हाती बारा अंकांचा एक क्रमांक देण्यात आला. हा देशातला पहिला आधार क्रमांक. मुंबई-पुणे बाजूला राहिले, दिल्लीही बाजूला राहिली. पहिला मान सातपुड्याच्या पायथ्याला मिळाला.

तेव्हापासून आपल्या सगळ्यांनाच एक सवय जडली आहे. रेशन असो, बँक असो, सिमकार्ड असो, समोरच्याने मागितले की आपण कार्डाची झेरॉक्स काढून देतो. ती कशाला हवी आणि तिचे पुढे काय होणार, हे काही आपण विचारत नाही. आज बोलायचे आहे ते या न विचारलेल्या प्रश्नाविषयी. सरकारी कचेऱ्यांचा पसारा मोठा. म्हणून आपण एक लहान, घरगुती उदाहरण घेऊ. हस्तकलेला आणि कारागिरांना मदत करणारी एखादी सेवाभावी संस्था आपल्या हितचिंतकांची नावे-पत्ते कशी सांभाळते, किंवा कशी सांभाळायला हवीत, एवढेच पाहू.

मध्यंतरी मी एका शहरात हस्तकलेच्या प्रदर्शनाला गेलो होतो. बांबूची एक सुबक परडी घेतली, थोडी देणगीही दिली. टेबलावर वही ठेवली होती. नाव, पत्ता, मोबाइल, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस, असे रकाने. माझ्या आधी चाळीस-पन्नास जणांनी ते भरलेले. कोण कुठल्या गल्लीत राहतो, हे मला उभ्या उभ्या वाचता येत होते! भिडेखातर मीही सारे रकाने भरले. महिन्याभरात फोन सुरू झाले. कुणी कर्ज देतो म्हणे, कुणी विमा. “माझा नंबर कुठून मिळाला?” असे विचारले की पलीकडून फोन बंद. तो त्या वहीतूनच गेला, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तो तिथून गेला नाही, असे ती संस्था तरी छातीठोकपणे सांगू शकेल काय? टेबलावर उघड्या पडलेल्या वहीचा फोटो कुणी काढला, हे कोणाला ठाऊक? खरी अडचण आहे ती इथे.

आता तुम्ही म्हणाल, संस्थेने नावे लिहून घेऊच नयेत की काय? तसे नाही. पैसा घेतला की पावती आली, आणि पावती आली की नाव आले. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थेला हिशेब दाखवावे लागतात. शिवाय देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत हवी असेल, तर त्याचा पॅन किंवा तसाच दुसरा ओळख क्रमांक लागतो. २०२१-२२ सालापासून अशा देणगीदारांची यादी संस्थेने प्राप्तिकर खात्याला कळवावी, असा नियम झाला. ही सारी कारणे खरी आहेत आणि तोंडाने सांगता येण्याजोगी आहेत. पण लग्नाचा वाढदिवस कशाला? जात कशाला? शंभर रुपयांच्या पावतीसाठी आधारची झेरॉक्स कशाला? चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असा हा प्रकार होतो. जी माहिती कशाला हवी ते सांगता येत नाही, ती घेऊच नये, हा पहिला नियम. जी घेतलीच नाही, ती हरवतही नाही आणि चोरीलाही जात नाही.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न आहे, असे मात्र समजू नका. टेंभलीत जो क्रमांक निघाला, त्याचीच चर्चा पुढे सर्वोच्च न्यायालयात पोचली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली आधारविरुद्ध अर्ज केला. तो चालू असता मुळातलाच एक प्रश्न उभा राहिला: आपली खाजगी बाब खाजगी राखण्याचा हक्क नागरिकाला घटनेने दिला आहे की नाही? २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की आहे, आणि तो मूलभूत हक्क आहे. घटनेच्या एकविसाव्या कलमात जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा जो हक्क आहे, त्याच्याच पोटात हा हक्क येतो. पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने आधार योजना कायम ठेवली, पण तिला मर्यादाही घातल्या. शिक्षकबंधूंनी यातली एक मर्यादा ध्यानात ठेवावी: शाळेत नाव घालण्यासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, आणि आधार नाही एवढ्याच कारणाने कोणत्याही मुलाचा लाभ अडवता येणार नाही.

या विचारातूनच २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम जाहीर झाले, आणि संस्थांवरची मुख्य बंधने अमलात येण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. कायद्याची भाषा जड आहे. तिचा गाभा मात्र आपल्याला परका नाही. गावात लग्नकार्याला आपण शेजाऱ्याकडून पातेली आणतो. ती कार्यासाठी आणलेली असतात. कार्य झाले की घासूनपुसून परत करतो. मधल्या काळात ती तिसऱ्याला देत नाही. पोचा पडला तर आपण होऊन सांगतो. कायदा दुसरे काय म्हणतो? माहिती ज्या कामासाठी मागितली त्याच कामाला वापरा. काम संपले आणि दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितलेली नसली, तर ती पुसून टाका. ती फुटली, चोरीला गेली, तर ज्याची त्याला कळवा. संमती मोकळेपणाने आणि समजून दिलेली हवी. आणि ती जितक्या सहज दिली, तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे. माहिती नीट सांभाळण्यात कसूर झाली, तर अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

एक बारकावा इथे सांगितला पाहिजे. हा कायदा संगणकातल्या, मोबाइलमधल्या माहितीला लागू आहे. नुसत्या कागदी वहीला तो लागू नाही. पण त्याच वहीतली नावे कार्यकर्त्याने संगणकात भरली, की वही कायद्याच्या कक्षेत आली. आणि आजकाल कोणती वही नुसती वही राहते?

आता आपल्या जिल्ह्याची एक खास अडचण पाहू. संमती मागताना सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय हवी, असे कायदा सांगतो. त्या परिशिष्टात बावीस भाषा आहेत, आणि मराठी त्यांत आहे. परंतु भिली नाही, पावरी नाही, मावची नाही, अहिराणीही नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या जिल्ह्यात दर दहांपैकी जवळजवळ सात माणसे अनुसूचित जमातींची आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या आजीबाईपुढे मराठीतला छापील कागद ठेवला आणि अंगठा घेतला, तर कायद्याची रीत झाली; संमती झाली का? ती तेव्हाच होईल, जेव्हा कुणीतरी तिच्या ओट्यावर बसून तिच्या बोलीत सांगेल, “आजी, तुझा नंबर मी या कामासाठी घेतो. नाही दिलास तरी चालेल.” ‘नाही दिलास तरी चालेल’ हे शब्द सांगितलेच गेले नाहीत, तर तिच्या ‘हो’ला काय अर्थ राहिला?

हितचिंतकांबद्दल बोलताना कारागिराला मात्र आपण सहसा विसरतो. देणगीदाराचा पत्ता कपाटात कुलूपबंद असतो, आणि टोपल्या विणणाऱ्या बाईचा फोटो, तिचे नाव, गाव, नवऱ्याचे दारूचे व्यसन, डोक्यावरचे कर्ज, सारे रंगीत पत्रकात छापून देणगीदाराच्या घरी पोचते! ते वाचून कुणाचे मन द्रवते, पैसा येतो, हे खरे. पण तिला विचारले होते का? १७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत टोपल्या, चटया आणि केरसुण्या करणारेही आहेत. अशा योजनांचे अर्ज भरायला कुणी मदत करते, ते चांगलेच आहे. मात्र अर्ज भरून झाल्यावर आधारच्या आणि बँकेच्या पासबुकाच्या झेरॉक्स मदत करणाऱ्याच्या पिशवीत का राहाव्यात? देणारा श्रीमंत आणि घेणारा गरीब, म्हणून एकाची माहिती नाजूक आणि दुसऱ्याची चव्हाट्यावरची, असे होत नाही. मूलभूत हक्क दोघांना सारखाच आहे.

मुलांच्या बाबतीत कायदा आणखी कडक आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती अशा रीतीने वापरायची, तर आईबापांची खात्रीलायक संमती हवी. शाळेत बांबूकामाचे किंवा चित्रकलेचे शिबिर भरते, मुलांचे फोटो निघतात, आणि नाव-इयत्तेसकट दूरवर पाठवले जातात. गुरुजी, फोटो हाताच्या कामाचा काढा. चेहरा आणि नाव आईबापांना विचारून मगच.

तर मग संस्थेने करावे काय? फार खर्चाचे काही नाही. उघडी वही टेबलावर ठेवू नये; प्रत्येकाला सुटा कागद द्यावा. पावतीला लागणारे रकाने वेगळे ठेवावेत, “आमच्या कामाची वार्ता कळवू का?” हा प्रश्न वेगळा विचारावा, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याची पावती अडवू नये. यादी कोणाच्या हाती राहील ते ठरवावे. साऱ्या कार्यकर्त्यांच्या मोबाइलमध्ये ती फिरू देऊ नये. वर्षातून एकदा, हिशेब बंद करताना, जुन्या नोंदी तपासून नको त्या काढून टाकाव्यात. आणि यादी दुसऱ्या संस्थेला, मग ती कितीही चांगली असो, विचारल्याखेरीज देऊ नये.

आणि आपण, देणाऱ्यांनी? तीन प्रश्न विचारावेत: हे कशाला हवे? कोण पाहणार? केव्हा पुसणार? आधार द्यावाच लागला, तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत काढता येते. तीवर फक्त शेवटचे चार दिसतात. शंका असेल तर आधारच्या १९४७ या क्रमांकावर विचारता येते. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. ताबडतोब १९३० वर कळवा.

शिक्षकांना एक सुचवतो. वर्गात एक कोरा अर्ज फळ्यावर काढा, दहा रकान्यांचा. “या संस्थेला पावती द्यायची आहे, कोणते रकाने लागतील?” असे मुलांना विचारा, आणि उरलेले त्यांच्याच हाताने पुसू द्या. पोरे घरी जाऊन आईबापांना सांगतील, आणि पुढच्या वेळी झेरॉक्स देण्याआधी घरात एखादा प्रश्न उमटेल.

टेंभलीला देशातला पहिला क्रमांक मिळाला, तो मान इतिहासात राहील. पण क्रमांक घेण्यात जो जिल्हा पहिला, तो ‘कशाला हवा?’ असे विचारण्यात मागे का राहावा? हा प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. चांगल्या संस्थेला त्याचा राग येणार नाही. तिच्याजवळ उत्तर तयार असेल. आणि ज्या संस्थेला राग येईल, तिच्या वहीत आपले नाव लिहावे की नाही, ते तुम्हीच ठरवा.