आधी बोर्ड, मग बाकीचं

अंधेरी असो वा मुलुंड, कॉम्प्युटर असेंबल करायचा म्हटलं की उपनगरातला माणूस अजूनही लॅमिंग्टन रोड गाठतो. बोरिवलीकर लोकलने थेट ग्रँट रोडला उतरतो, घाटकोपरकर दादरला गाडी बदलतो. दुकानातून मिळालेल्या कोटेशनमध्ये तो प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची नावं बारकाईने वाचतो, त्यावर घासाघीस करतो आणि उरलेल्या पैशांत बसेल तो मदरबोर्ड घेतो. हा क्रम उलटा आहे, असं माझं ठाम मत आहे. बोर्डावर सर्वांत जास्त पैसे घालावेत असं नव्हे. पण निर्णय मात्र आधी त्याचा व्हावा. कारण पुढे कुठला भाग बदलता येईल आणि कुठला नाही, हे बोर्डच ठरवतो.

प्रोसेसर जिथे बसतो त्या सॉकेटचंच बघा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ मध्ये रायझनची पहिली पिढी आली आणि २०२२ मध्ये आलेला रायझन ७ ५८००एक्स३डीसुद्धा त्याच सॉकेटचा होता. पाच वर्षं जुन्या अनेक बोर्डांना नवं बायोस मिळालं आणि त्यांवर नवे प्रोसेसर चालू लागले. इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट २०२१ मध्ये आला, बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंत चालला आणि २०२४ मध्ये नव्या पिढीसाठी एलजीए १८५१ आला. म्हणजे ज्याने एच६१० चिपसेटचा स्वस्त बोर्ड घेतला आणि ज्याने झेड७९०चा महागडा घेतला, त्या दोघांचाही पुढचा रस्ता एकाच ठिकाणी बंद झाला. ‘महाग बोर्ड घेतला की पुढची चिंता मिटली’ ही समजूत इथेच कोसळते. रॅमचंही तसंच. एलजीए १७००चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात, पण दोन्ही रॅमच्या खाचा वेगळ्या जागी असल्याने एका स्लॉटमध्ये दुसरी बसतच नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यांनी पाहता येते. बोर्ड हातात घेऊन सॉकेटच्या भोवती बघावं. प्रोसेसरला वीज देणाऱ्या आठ पिनांच्या जोडणीजवळ चौकोनी कॉइलची रांग, तिच्या बाजूला चपटे काळे मॉस्फेट आणि उभे कपॅसिटर दिसतात. एसएमपीएसकडून येणारे १२ व्होल्ट हा भाग साधारण सव्वा व्होल्टवर उतरवतो. प्रोसेसर १२० वॉट घेत असेल, तर इथून शंभरेक अँपिअर प्रवाह जातो आणि जी वीज वाया जाते तिची उष्णता होते. कोअर आय५-१२४००च्या नावापुढे ६५ वॉट लिहिलेले असले तरी जोरात चालताना तो ११७ वॉटपर्यंत जातो. आय९-१३९००के २५३ वॉटपर्यंत. असा प्रोसेसर हीटसिंक नसलेल्या, उघड्या मॉस्फेटच्या बोर्डावर बसवला, तर बोर्ड तापतो, प्रोसेसरचा वेग उतरतो आणि त्यावर घातलेले पैसे फुकट जातात. मुंबईच्या उकाड्यात याला जास्त महत्त्व आहे, कारण पंखा खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंश वाढीला ढोबळमानाने निम्मं होतं आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत बोर्डावरची धूळही ओल धरते.

यावर कुणी म्हणेल, स्वस्त बोर्डावरही प्रोसेसर तेवढ्याच वेगाने चालतो. आय५-१२४००सारख्या प्रोसेसरपुरतं ते बरोबर आहे. टॅली, अभ्यास आणि ऑफिसच्या कामाला एच६१० पुरेसा आहे, तिथे झेड७९० घेणं उधळपट्टीच. पण एच६१०वर रॅमचे दोनच स्लॉट असतात. दोन्ही भरले की रॅम वाढवताना जुनी काढावी लागते. कुणी म्हणेल, अपग्रेड करतो कोण, लोक नवीनच घेतात. प्रोसेसर बदलणारे थोडे असतील. पण रॅम आणि एसएसडी मध्येच वाढवावी लागते. शिवाय वॉरंटी संपल्यावर बोर्ड गेला आणि त्या सॉकेटचा नवा बोर्ड बाजारात नसला, तर चांगला प्रोसेसरही बिनकामाचा होतो. कुणी म्हणेल, हे दुकानदारावर सोडावं. त्याला कळतं हे खरं, पण घरात मशीनवर काय चालणार आणि किती वर्षं, हे फक्त घेणाऱ्याला माहीत असतं.

म्हणून नुसतं ‘बी७६० बोर्ड’ ऐकून होकार देऊ नये. एकाच चिपसेटच्या दोन बोर्डांत रॅमचा प्रकार, वीज देणारा भाग आणि पोर्ट सगळंच वेगळं असू शकतं. मॉडेलचं पूर्ण नाव विचारावं, कंपनीच्या साइटवरच्या यादीत आपला प्रोसेसर कुठल्या बायोसपासून चालतो ते बघावं. जुन्या स्टॉकमधला बोर्ड नव्या प्रोसेसरसह सुरूच होत नाही, असं घडतं. इंटेलचा एलजीए १७०० आणि एएमडीचा एएम५, दोन्ही सॉकेटांत पिना बोर्डावर असतात. त्या वाकलेल्या नाहीत ना, हे दुकानातच बॉक्स उघडून तपासावं, कारण घरी आल्यावर सापडलेली वाकडी पीन कंपनी बहुधा वॉरंटीत धरत नाही. आणि बिलावर मॉडेलसोबत सिरियल नंबर लिहून घ्यावा. पुढे तक्रार नेली, की आधी तोच विचारला जातो.