बहुपथी ध्वनिक्षेपकातील समतोल

घरी बांधलेल्या बहुपथी ध्वनिक्षेपकात प्रत्येक एककास स्वतंत्र विवर्धक जोडला व ते सर्व सारख्याच वॅटचे निवडले, की समतोल आपोआप साधतो, अशी समजूत आढळते. वस्तुतः वॅटचा आकडा विवर्धकाची केवळ कमाल मर्यादा सांगतो. ध्वनीची पातळी ठरते ती विवर्धकाचे वर्धन आणि एककाची संवेदनक्षमता यांवरून.

समजा, ८ ओहमच्या वूफरची संवेदनक्षमता २.८३ व्होल्टला, १ मीटर अंतरावर, ८७ डेसिबेल आहे व तितक्याच ओहमच्या ट्वीटरची ९३. हा फरक मिटविण्यास ट्वीटरचे व्होल्टेज निम्मे, म्हणजे शक्ती एक चतुर्थांश करावी लागते. जेथे वूफर ६० वॅट घेतो, तेथे ट्वीटरला १५ वॅट पुरतात. संगीतातील बरीचशी ऊर्जा खालच्या व मधल्या स्वरांत असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी. मात्र तुलना व्होल्टच्या आकड्यांचीच करावी. प्रतिवॅट दिलेला आकडा ४ ओहमच्या एककाची पातळी ३ डेसिबेलने कमी दाखवितो.

छापील आकडे हे आरंभापुरतेच. खालचे स्वर खोक्याला वळसा घालून मागे पसरतात. त्यामुळे मोकळ्या जागेत त्यांची समोरची पातळी ६ डेसिबेलपर्यंत उतरू शकते. कानावर भिस्त ठेवणेही धोक्याचे. किंचित चढा ट्वीटर प्रथम 'स्पष्ट' वाटतो आणि तासाभराने नकोसा होतो.

याहून भरवशाची कसोटी आहे. सीगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या चतुर्थ श्रेणीच्या छानकांत विभाजन-कंप्रतेवर दोन्ही पथ प्रत्येकी ६ डेसिबेल खाली, पण समकलेत असतात. म्हणून ट्वीटरच्या तारा उलटवून त्या कंप्रतेचा ध्वनी सोडल्यास दोन्ही एकके परस्परांना मारतात. ऐकण्याच्या जागी मायक्रोफोन ठेवून, ही दरी सर्वांत खोल होईतो वर्धन जुळवावे. पातळीत १ डेसिबेलचा फरक राहिला तरी उरलेला ध्वनी मोठ्या आवाजाच्या एककाहून सुमारे १९ डेसिबेलच खाली जातो. इतकी ही कसोटी तिखट आहे. वर्धन कितीही फिरवून दरी उथळच राहिली, तर दोष कलेचा, म्हणजे बहुधा एककांच्या पुढे-मागे असण्याचा, समजावा. मग तारा पूर्ववत कराव्यात.

ट्वीटर जळण्याचे कारण पुष्कळदा संगीत नसते. विवर्धक सुरू होताना बसणारा धक्का किंवा चुकलेली जोडणी त्याला पुरते. त्यासाठी त्याच्याशी एकसरीत धारित्र असावे. विभाजन २००० हर्ट्झवर असेल, तर ८ ओहमला ४० मायक्रोफॅराड धारित्राची मर्यादा सुमारे ५०० हर्ट्झवर पडते. त्याने कला थोडी ढळते. म्हणून वरील मापन धारित्र जोडल्यानंतरच करावे.