पिशवीवरचं नाव वाचलं, लॉट नंबर वाचला का?

फोन हातात आहेच, तर आधी एक काम करा. सेटिंग्जमध्ये जाऊन ‘अबाउट फोन’ उघडा. अँड्रॉइड व्हर्जन दिसेल, १३, १४, १५ असं काहीतरी. त्याच्याच आसपास, कुठेतरी आतल्या पानावर, ‘कर्नल व्हर्जन’ नावाची आणखी एक ओळ असते. तिथे ५.१०, ५.१५, ६.१ असा भलताच आकडा असतो. पहिला आकडा आपण मित्रांना कौतुकाने सांगतो, दुसऱ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. गेल्या वर्षी मात्र याच दुसऱ्या आकड्यामुळे आमच्या घरातला एक नवाकोरा लॅपटॉप दुकानात परत जाता जाता राहिला.

माझा मामेभाऊ जालन्यात बीसीएला आहे. अंबड तालुक्यातल्या गावातून रोज एसटीने ये-जा करतो. मामांनी मोसंबीच्या पैशातून त्याला लॅपटॉप घेऊन दिला. विंडोज नसलेला, म्हणून जरा स्वस्तात मिळालेला. कॉलेजातल्या सीनियरच्या पेनड्राइव्हवरून त्याने उबंटू २२.०४ टाकलं. स्क्रीन आली, आवाज आला, कीबोर्ड चालला. वाय-फाय मात्र गायब. म्हणजे नेटवर्क सापडत नाही असं नाही, सेटिंगमध्ये वाय-फायचं बटणच नाही! मामांचा निकाल लगेच आला, “खराब पीस गळ्यात मारला रे आपल्या.” सीनियरचा निकाल त्याहून सोपा, “लिनक्स असंच असतं भावा.”

दोघंही चुकले होते. का, ते समजायला कर्नल म्हणजे काय ते बघू. (लष्करातले कर्नल नव्हेत.)

आपण ज्याला सरसकट ‘लिनक्स’ म्हणतो, ते खरं तर फक्त कर्नल आहे. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने त्याची घोषणा केली, तेव्हा तो २१ वर्षांचा होता. म्हणजे तुमच्याच वयाचा. कर्नल प्रोग्राम आणि यंत्र यांच्या मधोमध बसतं. कुठल्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची, प्रोसेसर कुणाला किती वेळ द्यायचा, हे तेच ठरवतं. वाय-फाय कार्ड, टचपॅड, ग्राफिक्स यांच्याशी बोलणारे बहुतेक ड्रायव्हरही त्याच्यासोबतच येतात. पण नुसतं कर्नल घेऊन तुम्ही काय करणार? त्याला डेस्कटॉप लागतो, ब्राउझर लागतो, सॉफ्टवेअर टाकायची-काढायची सोय लागते. हे सगळं एकत्र बांधून, तपासून आपल्या हातात दिलं जातं, त्याला म्हणतात डिस्ट्रिब्युशन, म्हणजेच ‘डिस्ट्रो’. उबंटू, डेबियन, फेडोरा, मिंट हे सगळे डिस्ट्रो. कर्नलचा आकडा वेगळा, डिस्ट्रोचा वेगळा.

जालनेकरांना हे सांगायला बियाण्याची पिशवी पुरे. पिशवीवर वाणाचं नाव मोठ्या अक्षरात असतं, आणि लेबलवर बारीक अक्षरात लॉट नंबर, तपासणीची तारीख, मुदत. वाण तेच असलं तरी लॉट वेगळा असू शकतो. म्हणून जाणता शेतकरी नुसतं नाव बघून पिशवी उचलत नाही. डिस्ट्रो म्हणजे पिशवीवरचं नाव, कर्नल म्हणजे लॉट.

आता परत लॅपटॉपकडे. उबंटू २२.०४ एप्रिल २०२२ मध्ये आलं, कर्नल ५.१५ घेऊन. भावाच्या लॅपटॉपमधलं वाय-फाय कार्ड त्यानंतरचं. त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आला तो कर्नल ६.२ पासून, म्हणजे २०२३ मध्ये. सीनियरच्या पेनड्राइव्हवर २०२२ ची फाइल होती. त्या कर्नलला हे कार्ड माहीतच नव्हतं, तर बटण दिसणार कुठून? आणि गंमत बघा, ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या २२.०४.३ च्या फाइलमध्ये कर्नल ६.२ आहे आणि सप्टेंबर २०२४ च्या २२.०४.५ मध्ये ६.८. नाव तेच ‘२२.०४’, आतला लॉट बदललेला.

जुन्या फाइली आपल्याकडे का फिरत राहतात, हेही उघड आहे. आजकाल उबंटूची फाइल पाच-सहा जीबीची असते. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर चार दिवस दुसरं काही बघायचंच नाही! मग एकाने उतरवलेली फाइल पेनड्राइव्हवरून भोकरदन ते परतूर फिरते, वर्षानुवर्षं.

उपाय फुकट होता. फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडला, फोनमधलं ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केलं. लॅपटॉपला नेट मिळालं. सगळे अपडेट घेतले, रीस्टार्ट केलं. कर्नल ६.८ झालं आणि वाय-फायचं बटण हजर. मामा म्हणाले, “मग आधीच का नाही केलं?” उत्तर नव्हतं.

तुमच्या मशीनवर कुठलं कर्नल आहे ते बघायचंय? टर्मिनल उघडा, यू-एन-ए-एम-ई ही अक्षरं लिहा, एक स्पेस, मग डॅश आणि आर, आणि एंटर. बस्स.

पण आकडा मोठा म्हणजे माल भारी, असं समजू नका. २०११ मध्ये २.६.३९ नंतर थेट ३.० आलं, २०२२ मध्ये ५.१९ नंतर ६.०. यात क्रांती वगैरे काही नव्हती. मधला आकडा फार वाढला की टोरवाल्ड्स पुढचा आकडा सुरू करतात, एवढंच. नवं कर्नल साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येतं. प्रत्येक डिस्ट्रो त्याच्यामागे धावत नाही. २०२३ मध्ये आलेलं डेबियन १२ कर्नल ६.१ वरच राहतं आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातच आणून बसवतं. आकडा जुना दिसतो, पण डागडुजी चालू असते. फेडोरा उलट, एकाच आवृत्तीत नवनवी कर्नल देत जातं. अँड्रॉइडमध्येही १३ चं १४ झालं तरी कर्नलची शाखा बऱ्याचदा तीच राहते.

‘स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टीम’ अशी बातमी वाचाल तेव्हाही हेच आठवा. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचं ‘बॉस’ लिनक्स भारतीय भाषांसाठी उपयोगाचं आहे. पण ते डेबियनवर बांधलंय आणि कर्नल जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेलं तेच. यात कमीपणा काहीच नाही. डिस्ट्रो असेच बनतात.

मग निवड कशी करायची? लॅपटॉप अगदी नवा असेल तर नवं कर्नल देणारा डिस्ट्रो घ्या. मशीन दोन-चार वर्षांचं असेल आणि फक्त अभ्यास करायचा असेल तर डेबियनसारखा स्थिर डिस्ट्रो बरा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरातला जुना लॅपटॉप विंडोज ११ घेत नसेल तर भंगारात टाकण्याआधी त्यावर लिनक्स चालवून बघा. फक्त मशीन ३२-बिटचं तर नाही ना, ते तपासा. डेबियन १३ ने त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणं बंद केलंय.

आणि पेनड्राइव्ह ज्युनियरला देताना त्यावर नुसतं ‘उबंटू’ लिहू नका. शेजारी मार्करने कर्नलचा आकडा आणि फाइलची तारीखही टाका. सीनियरच्या त्या पेनड्राइव्हवर आता भावाने तसं लिहिलंय.