जाणूनबुजून मोडलेला रोजा

घाटकोपर पश्चिमेला असल्फा, चिरागनगरसारख्या वस्त्यांत उत्तर प्रदेशातून आलेल्या मुसलमान कुटुंबाला लागूनच एखादं रत्नागिरी-रायगडकडचं कोकणी मुसलमान घर असू शकतं. दोघांची पहाटेची सहरी आणि सूर्यास्ताचा इफ्तार एकाच वेळी. पण रमजानच्या भर दुपारी दोन्ही घरांतल्या एकेका धडधाकट तरुणाने काही कारण नसताना मुद्दाम वडापाव खाल्ला, तर धर्मशास्त्र दोघांना वेगळा हिशेब सांगतं. एकाला त्या दिवसाचा रोजा भरून वर सलग साठ रोजे, दुसऱ्याला फक्त एक. अल्लाहची क्षमा मागणं, म्हणजे तौबा, दोघांनाही चुकत नाही.

हा फरक सुन्नी धर्मशास्त्राच्या पंथांचा: उत्तरेकडचे बहुतेक सुन्नी हनफी पंथाचे, तर कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. अरबस्तानाशी समुद्रमार्गे व्यापार करणाऱ्या पश्चिम किनाऱ्यावर शाफई पंथ रुजला. माहीमला ज्यांचा दर्गा आहे ते मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) याच पंथाचे मोठे विद्वान.

दोन्ही पंथांचा आधार मात्र एकच हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतीची नोंद, आहे. अबू हुरैरा यांनी सांगितलेली ती बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत येते. एक माणूस पैगंबरांकडे घाबराघुबरा आला. रमजानात दिवसा, रोजा असताना त्याने पत्नीशी संबंध ठेवला होता. पैगंबरांनी विचारलं, गुलाम मुक्त करशील? ऐपत नाही. सलग दोन महिने रोजे? जमणार नाही. साठ गरिबांना जेवण? तेही नाही. एवढ्यात कोणीतरी खजुरांची टोपली आणली. ही दान कर, असं पैगंबरांनी सांगितलं, तर तो म्हणाला, मदिनेत आमच्याहून गरीब घर नाही. पैगंबर मनमोकळं हसले आणि खजूर घरच्यांनाच खाऊ घालायला सांगितले. अपराध कबूल करायला आलेला माणूस घरी जाताना पोराबाळांसाठी खाऊ घेऊन गेला. या विषयातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच.

ही भरपाई म्हणजे कफ्फारा. शाफई आणि हंबली हे सुन्नी पंथ म्हणतात, हदीस शरीरसंबंधाविषयी आहे, म्हणून कफ्फारा तेवढ्यापुरताच. हनफी आणि मालिकी पंथ म्हणतात, मुद्दा रमजानचा मान जाणूनबुजून मोडण्याचा आहे, मग खाणंपिणंही त्यात आलं.

आज गुलामगिरी उरलेली नाही, म्हणून हनफी आणि शाफई मतांत पहिली पायरी रोज्यांचीच. ते सलग हवेत. आळसाने एक चुकला तरी मोजणी पुन्हा एकपासून. मासिक पाळीमुळे पडलेला खंड मात्र धरत नाहीत. ईदच्या दिवसांत रोजा निषिद्ध असल्यामुळे सुरुवात कॅलेंडर पाहून करावी लागते. अशक्तपणामुळे रोजे खरोखर झेपत नसतील तरच साठ गरिबांचं अन्न: हनफींत प्रत्येकाला दोन वेळचं पोटभर जेवण, शाफईंत प्रत्येकी एक मुद धान्य, म्हणजे साधारण भरलेली ओंजळ.

पैसेवाल्याने थेट अन्नदान करून मोकळं व्हावं का? नवव्या शतकात स्पेनमधल्या कोर्दोबाचा अमीर दुसरा अब्दुर्रहमान याच्या हातून हदीसमधल्या माणसासारखीच चूक झाली. मालिकी मतात तिन्हींपैकी एक पर्याय निवडायची मुभा होती. तरी याह्या इब्न याह्या या मालिकी पंडिताने त्याला साठ रोजेच सांगितले, कारण गुलाम सोडणं अमीराला फारच सोपं होतं. त्या निर्णयावर शास्त्रकार पुढे शतकानुशतकं वाद घालत राहिले. हदीसच्या शब्दांपलीकडे जायचा अधिकार याह्यांना होता का, हा प्रश्न रास्त आहे. पण श्रीमंताने प्रायश्चित्त विकत घेऊ नये ही त्यांची कळकळ मला पटते.

एवढी कडक शिक्षा ऐकून लोक भलत्या ठिकाणी घाबरतात. कफ्फारा फक्त विनाकारण, जाणूनबुजून मोडलेल्या रमजानच्या रोज्याला. विसरून पाणी प्यायलं तर हनफी आणि शाफई मतांत रोजा मोडतच नाही. आजारी आणि प्रवासी यांना कुराणाच्या दुसऱ्या सूरेतच सवलत आहे: नंतर तेवढे रोजे भरायचे, त्याला कजा म्हणतात. वार्धक्याने किंवा कायमच्या दुखण्याने तेही शक्य नसेल, तर दर रोज्यामागे एका गरिबाचं अन्न, म्हणजे फिदिया.

मधुमेहाच्या रुग्णाची रक्तातली साखर प्रति डेसिलीटर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, तर डॉक्टर रोजा लगेच सोडायला सांगतात. तेव्हा रमजानात शेजारच्या मधुमेही चाचांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि साठ रोज्यांच्या धास्तीने ते घोटभर सरबत घ्यायला तयार नसले, तर त्यांना सांगा: जीव सांभाळण्यासाठी सोडलेल्या रोज्याला कफ्फारा लागत नाही. आणि साखर ताबडतोब द्या.