हार्ड डिस्कमधून आवाज येतोय? आधी ऐका, मग ठरवा!



शाळेतला किंवा घरातला डेस्कटॉप संगणक जुना झाला की आवाज करू लागतो. "जुना झालाय, चालायचंच" असं म्हणून आपण काम रेटत राहतो. पण त्याच डब्यात निकालपत्रकं, विद्यार्थ्यांच्या जन्मतारखांच्या याद्या, शिष्यवृत्तीची माहिती, स्नेहसंमेलनाचे फोटो असं सगळं असतं. संगणक बिघडला तर नवा घेता येतो, पण चार वर्षांचे निकाल पुन्हा कुठून आणायचे? म्हणूनच कोणता आवाज साधा आणि कोणता धोक्याचा, हे आपल्याला ओळखता आलं पाहिजे. त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही. चला तर मग पाहूया.

आत नेमकं काय असतं?

डेस्कटॉपमधली हार्ड डिस्क म्हणजे धातूची एक बंद डबी. तिच्या आत एक किंवा अधिक गुळगुळीत चकत्या असतात. त्या बहुधा मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. ७२०० म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या! चकतीवर एक छोटा दांडा आत-बाहेर सरकतो आणि त्याच्या टोकाला माहिती वाचणारं-लिहिणारं 'हेड' असतं. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते, हे हेड मात्र टेकत नाही. ते चकतीपासून काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. आपल्या डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो, म्हणजे या अंतराच्या हजारो पट. यावरून धुळीचा एक कणसुद्धा आत किती गोंधळ घालेल याचा अंदाज येतो.

आवाज कंपनामुळे होतो, हे आपण मुलांना शिकवतोच. इथे फिरणारी चकती आणि सरकणारा दांडा असे दोन हलणारे भाग आहेत. त्यामुळे थोडा आवाज येणारच.

आधी खात्री करा : आवाज डिस्कचाच आहे का?

बऱ्याचदा दोषी असतो पंखा. प्रोसेसरवर एक पंखा असतो, एसएमपीएसमध्ये एक असतो, काही कॅबिनेटना मागेही एक असतो. खडूची धूळ आणि जाळी अडकली की ते घरघर करतात.

ओळखायचं कसं? जाड कागदाची नळी करा. एक टोक कानाला लावा आणि दुसरं कॅबिनेटच्या बाहेरून वेगवेगळ्या ठिकाणी धरा, डॉक्टर स्टेथोस्कोप धरतात तसं. आवाज कुठून जोरात येतो ते कळतं. पंख्याचा आवाज सलग असतो आणि संगणक तापला की वाढतो. डिस्कचा आवाज फाइल उघडताना, सेव्ह करताना बदलतो.

तरी शंका असेल तर संगणक बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढा, डिस्कच्या दोन्ही केबल काढा आणि मग संगणक सुरू करा. विंडोज सुरू होणार नाही, पण आवाज आला तर तो डिस्कचा नाही हे नक्की. नंतर पुन्हा प्लग काढूनच केबल जोडा.

आवाज ओळखूया

१. हलकी सलग घूं घूं : चकती फिरण्याचा आवाज. काळजी नको.

२. काम करताना कर-कर, टिक-टिक : दांडा सरकतोय. हेही नेहमीचंच. बंद करताना एकदा 'टक' वाजलं तर हेड आपल्या जागी जाऊन बसलं असं समजा.

३. काही न करताही सतत कर-कर : कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. तिथे डिस्क किती टक्के वापरात आहे ते बघा. अपडेट किंवा अँटिव्हायरसची तपासणी चालू असू शकते. रॅम कमी असली तरी विंडोज डिस्कचाच रॅमसारखा वापर करतं आणि डिस्कला उसंत मिळत नाही. अशा वेळी रॅम वाढवणं हा उपाय आहे.

४. खडखड किंवा कॅबिनेटचा पत्रा थरथरणं : बहुतेक वेळा स्क्रू ढिले असतात. कॅबिनेट हाताने हलकेच दाबल्यावर आवाज थांबला तर हेच कारण. संगणक बंद करून, प्लग काढून डिस्कचे स्क्रू घट्ट करा. कॅबिनेट डगमगत्या टेबलावर ठेवू नका.

५. ठरावीक अंतराने 'टक... टक... टक' : हा धोक्याचा! हेडला आपली जागा सापडत नाही, म्हणून ते पुन्हा पुन्हा मागे येतं. कधी ढिली पॉवर केबल किंवा कमजोर एसएमपीएसही कारण असतो. पण डिस्कवर दुसरीकडे नसलेली माहिती असेल तर प्रयोग करत बसू नका.

६. घासल्यासारखी खरखर किंवा कर्कश किंचाळी : हेड चकतीला टेकलं असू शकतं किंवा मोटर बिघडली असू शकते. संगणक ताबडतोब बंद करा. प्रत्येक फेरीगणिक माहिती खरवडली जात असते.

धोक्याचा आवाज आला तर...

डिस्क अजून उघडत असेल, फक्त संथ झाली असेल आणि टक-टक किंवा खरखर नसेल, तर सगळ्यात आधी महत्त्वाच्या फाइल बाहेर काढा. निकाल, याद्या, पत्रव्यवहार आधी. सिनेमे आणि गाणी शेवटी. पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क वापरा.

इथे एक गैरसमज दूर करूया. "मी सगळं सी मधून डी ड्राइव्हमध्ये ठेवलंय" असं आपण अनेकदा ऐकतो. अहो, बहुतेक संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. कपाटच जळालं तर वरचा कप्पा काय आणि खालचा काय!

फाइल काढून झाल्यावर तपासणी करा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावधान, लाल म्हणजे खराब. पिवळा दिसला तरी डिस्क बदलायच्या तयारीला लागा. आणि निळा रंग दिसूनही टक-टक येत असेल तर कानावर विश्वास ठेवा.

हे मात्र करू नका :

- टक-टक करणारी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका.
- आजारी डिस्कवर डीफ्रॅग, फॉरमॅट किंवा दुरुस्तीची सॉफ्टवेअर चालवू नका. डिस्कवरचा ताण वाढतो.
- डिस्कची डबी उघडू नका. वर्गातल्या हवेतली धूळ पुरेशी आहे.
- फ्रीजमध्ये ठेवायचा 'उपाय' करू नका. आत दमट होऊन नुकसान वाढतं.
- चालू संगणक उचलून दुसऱ्या खोलीत नेऊ नका. बंद केल्यावरही अर्धा मिनिट थांबा, चकती थांबू द्या.

दुरुस्तीवाल्याकडे नेण्याआधी आवाज मोबाइलवर रेकॉर्ड झालेला असेल तर उत्तम, पण केवळ त्यासाठी डिस्क पुन्हा सुरू करू नका. "माहिती हवी आहे, फॉरमॅट करू नका" हे स्पष्ट सांगा, शक्यतो कागदावर लिहून द्या. वॉरंटीत डिस्क सहसा बदलून मिळते, आतली माहिती परत मिळत नाही.

पुढची काळजी

नवी डिस्क घ्यायची वेळ आली तर एसएसडीचा विचार करा. तिच्यात हलणारा भागच नाही, त्यामुळे आवाज नाही आणि वेग बराच जास्त. पण लक्षात ठेवा, ती बिघडतानाही आवाज करत नाही! म्हणजे बॅकअपची गरज तिथेही आहेच.

बॅकअपचा एक सोपा नियम : महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. उदाहरणार्थ, एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर कपाटात आणि एक शाळेच्या ईमेलच्या क्लाउडवर. मुलांची माहिती असल्यामुळे पासवर्ड सगळ्यांना वाटू नका. महिन्याचा एक शनिवार यासाठी ठरवून टाका. हजेरीची बेरीज करतो, तसंच हेही एक काम.

वीज सारखी जात असेल तर यूपीएस जरूर लावा. वर्षातून दोनदा कॅबिनेटमधली धूळ काढा, अर्थातच प्लग काढून.

आज शाळेत किंवा घरी संगणक सुरू कराल तेव्हा एक मिनिट शांत बसा आणि त्याचा नेहमीचा आवाज नीट ऐकून ठेवा. तो ओळखीचा झाला की बिघाडाचा आवाज लगेच वेगळा कळेल. आणि निकालाची फाइल अजून एकाच ठिकाणी असेल, तर पेन ड्राइव्ह आजच शोधा!